दोन मास्टरजी

जयपूरच्या जवाहर नगरात माझी मावशी राहते. तिच्या गच्चीवरून झालान्याच्या टेकड्या दिसतात. पहाटे तिकडून मोरांचे आवाज येतात आणि टेकडीच्या पायथ्याच्या वस्त्यांतून चुलींचा धूर वर चढतो. २०२५च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा थंडी ओसरत आली होती. रजया, स्वेटर, शाली उन्हात टाकायला मावशीनं लोखंडी ट्रंक उघडली होती. ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांशेजारी, मलमलीची एक लहानशी पिशवी सापडली. चारी कडांनी बारीक धावदोऱ्यानं बंद केलेली, मध्ये फुगीर, एका टोकाला निमुळती. हातात घेतली तर आत धान्य सरकलं. मला वाटलं, बाळाची उशी असेल. आपल्याकडे मोहरीची उशी करतातच.

“बाजरी आहे ती,” मावशी म्हणाली. “माझी पहिली.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मावशीचं ऑपरेशन १९८९ साली झालं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती आणि मी अकरा. मुंबईत आमच्या घरी फक्त ‘मावशीचं ऑपरेशन’ एवढंच बोललं जाई. कसलं, हे मुलांना कुणी सांगितलं नाही आणि मोठी माणसंही आपापसात ते नाव घेत नसत. बाहेरचं कुणी विचारलं तर आई ‘पोटाचं’ म्हणायची. तिचा उजवा स्तन काढलाय, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही कुणाच्या तरी कुजबुजीतून. त्यानंतरही इतकी वर्षं मी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. ती पिशवी हातात होती म्हणून विचारलं. पुढचे आठ दिवस मावशी बोलत राहिली. कधी मटार सोलताना, कधी रात्री दिवा घालवल्यावर. तिनं परवानगी दिली म्हणूनच हे लिहिते आहे. नाव मात्र नको म्हणाली. “माझ्या एकटीचं नाहीये ते,” एवढंच कारण दिलं.

गाठ तिला अंघोळ करताना लागली होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं चार महिने काढले. धाकट्याची दहावी व्हायची होती. मग डॉक्टरांनी सुईनं तपासणी केली आणि निकाल काकांना बाजूला घेऊन सांगितला. काकांनी आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून ठरवलं, कागदावर सही काकांनी केली, आणि मावशीला सांगण्यात आलं की गाठ काढायची आहे. ती गाठ काढून घ्यायला म्हणूनच टेबलावर झोपली.

“शुद्धीवर आले तर सगळीकडून पट्ट्या. हात लावला तर सपाट लागलं. मला वाटलं, घट्ट बांधलंय म्हणून दबलंय. तीन दिवस मला तसंच वाटत होतं गं.”

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलायला आलेली नर्स शेजारच्या खाटेवरच्या बाईला काहीतरी सांगत होती, त्यातून मावशीला समजलं. ती कुणावर ओरडली नाही. काका डबा घेऊन आले तेव्हा फक्त विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” काकांनी डबा खाली ठेवला आणि मान हलवली.

मी त्या रुग्णालयाचं नाव विचारलं नाही, आणि कळलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. कारण त्या काळात हे कुठेही घडू शकलं असतं आणि भारताबाहेरही घडत होतं. अमेरिकेत बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून लगेच तपासायचा आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन काढायचा, अशी रीत कित्येक दशकं चालली. बाई झोपताना तिला माहीत नसे की जागी होताना काय उरलेलं असेल. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला १९७४ साली स्वतःला गाठ लागली, तेव्हा तिनं हे नाकारलं. आधी तपासणी, मग मला सांगा, मग मी ठरवीन, असा तिचा हट्ट होता, आणि तो मानणारा सर्जन शोधायला तिला बरीच दारं ठोठावावी लागली. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत तज्ज्ञांनी ही एका झटक्यातली पद्धत सोडावी असं मत दिलं. त्या तज्ज्ञांच्या समितीवर कुशनर होती.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो वेगळ्या अवयवाच्या निमित्तानं. दिल्लीच्या समीरा कोहली तपासणीसाठी भुलीखाली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. जानेवारी २००८मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की, जीव वाचवायची तातडी नसेल, तर सज्ञान आणि स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या ऐवजी नातेवाइकांची संमती चालत नाही. आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. मावशीला मी हा निकाल सांगितला. ती बराच वेळ मटार सोलत राहिली. मग म्हणाली, “मला विचारलं असतं तर मी हो म्हटलंच असतं. दोन पोरं होती. पण विचारलं असतं तर मी त्याचा निरोप घेतला असता ना.”

निरोप हा शब्द तिनंच वापरला. धाकटा त्याच बाजूला जास्त प्यायचा, असं ती मागाहून म्हणाली. ऑपरेशननंतर कित्येक वर्षं तिला उजव्या बोंडाशी खाज सुटायची. हात जायचा, तर तिथं कुणीच नाही. कापलेल्या पायाची बोटं दुखतात, तसंच हे. छातीतून तुटलेल्या नसांची आठवण मेंदूत शिल्लक राहते. डॉक्टरांना ते ठाऊक असतं, पण मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला वेड लागतंय अशा समजुतीनं ती गप्प राहिली.

स्तन काढणं इतकं सर्रास का झालं, यामागे एका माणसाचं नाव येतं. बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या पन्नास रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळं एकत्र खरवडून काढायचं, अशी त्यांची पद्धत होती. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सर्जन मंडळींनी ती जवळजवळ धर्म म्हणून पाळली. बाईच्या छातीच्या फासळ्या कातडीखाली मोजता येत आणि हात नीट वर जात नसे. मग इटलीत उम्बेर्तो वेरोनेझी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी मोठे प्रयोग केले. लहान गाठीच्या बायकांचे गट करून एका गटाचा संपूर्ण स्तन काढला, दुसऱ्या गटाची फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं. वेरोनेझींचे निष्कर्ष १९८१ साली आले, फिशर यांचे १९८५ साली. २००२मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला गेला तेव्हाही दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या होत्या.

म्हणजे मावशीच्या ऑपरेशनच्या चार वर्षं आधी हे जगाला कळलं होतं. मग तिचा स्तन का गेला? कदाचित गाठ मोठी असेल. त्या वेळचे कागद आता नाहीत. पण आजही आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या बाबतीत हेच होतं आणि त्याची कारणं साधी आहेत. गाठ उशिरा दाखवली जाते. शिवाय स्तन वाचवला तर बहुतेकींना रेडिएशन घ्यावं लागतं. बायका ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते पूर्वी पाच-सहा आठवडे रोज घ्यायचं असे. मशीन शहरात. मग गावाकडच्या बाईनं इतके दिवस कुठं राहायचं? मुलं कुणी बघायची, गुरं कुणी? परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दिवस काढणाऱ्या कुटुंबांना विचारलं, की उत्तर मिळतं. यापेक्षा ‘सगळं काढून टाका आणि सोडा’ हे सोपं वाटतं. एखाद्या बाईच्या शरीराचा आकार तिच्या गावापासून मशीन किती मैलांवर आहे यावर ठरावा, ही गोष्ट मला फार लागते. आता मार्ग थोडा लहान झाला आहे. २०२० साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं की, निवडक रुग्णांमध्ये एका आठवड्यातले पाच शेकही पुरतात. एक आठवडा धर्मशाळेत काढणं आणि सहा आठवडे काढणं यात घर चालण्याचा आणि मोडण्याचा फरक आहे.

आणि गाठ लवकर सापडणंही शक्य आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयानं वीस वर्षं दीड लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी तो २०२१ साली प्रसिद्ध केला. दहावी-बारावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हातांनी तपासलं. यंत्र नाही, काही नाही. त्यामुळे गाठी आधीच्या टप्प्यावर सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग नव्यानं झाला आणि सुमारे ९८ हजार त्यानं गेल्या. या आकड्यांपुढे ती हातांची तपासणी ठेवून बघावी.

पण मी पिशवीबद्दल सांगत होते.

घरी आल्यावर मावशीनं आधी ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवली. मग कापसाचा बोळा. हात वर केला की कापूस गळ्याशी यायचा. दूधवाल्याकडून भांडं घेताना एकदा तो बाहेर दिसला आणि तिनं महिनाभर दूध घ्यायला पोराला पाठवलं. कापसाला वजन नसतं, हा खरा प्रश्न होता. एका बाजूला भार आणि दुसरीकडे काही नाही, की खांदा हळूहळू चढतो, मान आखडते, पाठ तिरपी होते. हे सौंदर्याबद्दल नव्हे, हाडांबद्दल आहे. मग तिला बाजरी सुचली. जयपुरात बाजरी घरात असायचीच. पण पावसाळ्यात त्या पिशवीला घाम लागला, बाजरी दमट झाली, किडे पडले. तेव्हा तिला मुलांच्या उशा आठवल्या आणि तिनं मोहरी भरली. मोहरी बारीक, गोल, दाबलं तर अंग सोडते आणि पुन्हा जागेवर येते. “अगदी खऱ्यासारखी बसते,” ती म्हणाली. बाळाचं डोकं नीट गोल व्हावं म्हणून आपल्या आज्यांनी शोधलेली युक्ती तिच्या छातीशी पुन्हा उपयोगी पडली.

साडीचीही गोष्ट आहे. आपल्या मराठी पद्धतीत पदर डाव्या खांद्यावर जातो. डावी बाजू झाकली जाते, उजवी कडेनं उघडी राहते. तिची नेमकी उजवी गेली होती. म्हणून तिनं सीधा पल्ला घ्यायला सुरुवात केली, पाठीमागून उजव्या खांद्यावर येऊन पुढे पसरणारा. १९९२ साली आमच्या घरच्या एका लग्नात ती मुंबईला तशीच आली. सगळे म्हणाले, मावशी पार मारवाडी झाली. त्या लग्नाचा फोटो माझ्याकडे आहे. मीही त्या हसणाऱ्यांत आहे.

ब्लाउजचं कोडं सोडवलं ते राजापार्कच्या बाजारातल्या शिंप्यानं. त्याला सगळे मास्टरजी म्हणत. मापं त्याची बायको पडद्याआड घेई. पहिल्या वेळी मावशी जुना ब्लाउज मापाला देऊन पळून आली. दुसऱ्या वेळी मास्टरजींनी कापडावरून नजर न उचलता विचारलं, “भाभीजी, झाडू झुककर लगाती हैं?” मावशी हो म्हणाली. “पानी की बाल्टी कौन-से हाथ से उठाती हैं? आटा बैठकर गूँथती हैं या खड़े होकर?” मावशीला कळेना की ब्लाउज शिवायला हे कशाला हवं. आठवड्यानं तिला ब्लाउज मिळाला. उजव्या बाजूला आतून सुती कापडाचा कप्पा होता, काखेकडून उघडणारा, म्हणजे वाकल्यावर पिशवी पुढे पडणार नाही. टक्स डावीकडच्यासारखेच घेतले होते. गळा बोटभर वर होता. उजवी बाही दंडाशी सैल होती. त्यानं काही विचारलं नव्हतं आणि सगळं विचारलं होतं. पैसे नेहमीएवढेच घेतले. पुढची वीस वर्षं, तो थकेपर्यंत, तिचे ब्लाउज त्यानंच शिवले आणि त्या आजाराचं नाव दोघांमध्ये कधीही निघालं नाही.

हे ऐकताना मला त्याच शहरातले दुसरे मास्टरजी आठवत होते. जवाहर नगरापासून फार लांब नसलेल्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८च्या सुमाराला रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिरोगतज्ज्ञानं मिळून एक कृत्रिम पाय बनवला. शर्मांनाही सगळे मास्टरजीच म्हणत. तोवर मिळणारा परदेशी धाटणीचा पाय बुटात घालायचा असे. बूट घालून आपला माणूस देवळात जात नाही, चुलीपुढे बसत नाही, भाताच्या चिखलात उतरत नाही. तो पाय नेऊन लोक कोपऱ्यात ठेवत आणि पुन्हा कुबड्या घेत. या दोघांनी बघितलं की माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, अनवाणी चालतात. मग त्यांनी रबराचा, कातडीच्या रंगाचा, घोट्यात वळणारा पाय घडवला. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तो पाय फुकट लाखो लोकांपर्यंत गेला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या सुधा चंद्रन १९८४ साली हाच पाय लावून पुन्हा भरतनाट्यम नाचल्या, ते तर आपल्या पिढीला पाठ आहे.

मावशीला मी म्हटलं, की तुझ्या मास्टरजींनीही तेच केलं. ती म्हणाली, “हो. पण पायाला लाज नसते गं. पाय लावून माणूस गावात परतला की गाव बघायला जमतं. मी माझी पिशवी वाळत घालायची ती साडीच्या खाली.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाय चालायला लागतो. स्तन कशाला लागतो, असं विचारलं की माणसं अडखळतात. पाजून झालेलं असतं. ‘जीव वाचला ना, मग आता काय?’ हे वाक्य प्रत्येक अशा बाईनं ऐकलेलं आहे. ते प्रेमानंच म्हटलं जातं, आणि ते म्हटल्यावर तिला बोलायला जागाच उरत नाही. जीव वाचल्याचा आनंद आणि गेलेल्याचं दुःख एकाच बाईच्या पोटात एकाच वेळी असतं, त्यातलं एक दुसऱ्याला खोटं ठरवत नाही. आणि ‘तुझं वय काय, आता कुणाला दाखवायचंय?’ हे तर मला चीड आणतं. मावशी बेचाळीस वर्षांची होती. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात गाठतो. तिशी-चाळिशीतल्या बायका, ज्यांचं सगळं आयुष्य अजून अंगावर आहे. आणि सत्तरीतल्या बाईलाही आरसा असतो.

उलट बाजूचा दबावही तितकाच खरा. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन १९७८ साली काढला. त्या खोटा स्तन न लावता डॉक्टरकडे गेल्या, तर तिथल्या नर्सनं त्यांना सुनावलं की असं आल्यानं इतर रुग्णांचं मनोधैर्य खचतं. लॉर्ड यांनी १९८० साली आपल्या पुस्तकात याचा जाब विचारला. त्यांचा सवाल होता: इस्रायलचे सेनानी मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी बांधून जगभर फिरतात, त्यांना कुणी काचेचा डोळा बसवून या असं सांगत नाही. मग आमच्या जखमेची एवढी लाज कुणाला वाटते? अमेरिकेतच, त्याच दशकात, बार्बी बाहुली बनवणाऱ्या रुथ हँडलर यांनी वेगळी वाट धरली. १९७० साली त्यांचा स्तन गेला. दुकानात मिळालेले गोळे त्यांना इतके वाईट वाटले, की त्यांनी स्वतः कारखाना काढला आणि बुटांसारखे डाव्या-उजव्याचे वेगळे आकार बनवले. मला या दोघींपैकी एकीची बाजू घ्यावीशी वाटत नाही. मावशी घराबाहेर हँडलर यांच्या बाजूची होती. घरात, दार लावल्यावर, लॉर्ड यांच्या. दोघींची नावं तिनं ऐकलेली नाहीत.

बांगड्यांचं दुःख मात्र मला ठाऊकच नव्हतं. काखेतल्या गाठी काढल्या की हातातून परत जाणारं पाणी अडतं आणि काही बायकांचा हात सुजतो. त्या हाताला सुई टोचू नये, रक्तदाब मोजू नये, घट्ट काही घालू नये, असं सांगत. आता आधी एक-दोन गाठी काढून तपासतात आणि गरज नसेल तर बाकीच्या राहू देतात, त्यामुळे सुजेचं प्रमाण उतरलं आहे. मावशीच्या वेळी सरसकट काढत. दीड वर्षानं तिचा उजवा हात फुगला. लाखेच्या बांगड्या रुतल्या. काकांनी पक्कड घेऊन त्या एकेक कापल्या. “बांगडी वाढवली,” असं ती म्हणाली. त्या वेळीही आपण ‘फुटली’ म्हणत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती एका हातात बांगड्या आणि एका हातात काहीच नाही अशी गेली. जयपुरातल्या मराठी बायका त्या. एकीनं तिच्या कपाळाकडे बघितलं, मग हाताकडे, मग पुन्हा कपाळाकडे. काका जिवंत होते, चौकात स्कूटर लावून तिची वाट बघत होते. स्तन गेल्याचं कुणाला दिसलं नव्हतं, ते तिनं लपवलं होतं. हात कसा लपवणार? बाईपण आपण किती ठिकाणी टांगून ठेवतो, कपाळावर, गळ्यात, मनगटात, छातीत. एक खुंटी निघाली की बाकीच्या मोजायला लोक पुढे येतात. त्यानंतर मावशी तीन वर्षं हळदीकुंकवाला गेली नाही.

काकांबद्दल मला विचारायचं धाडस होत नव्हतं. ते २०१४ साली गेले. शेवटच्या रात्री तिनंच विषय काढला. रुग्णालयातून घरी आल्यावर नळी लावलेली होती, तिच्या बाटलीतलं पाणी मोजून काढायला लागायचं, ते काका करत. जखम त्यांनी आधी बघितली. मावशीनं स्वतः आरशात बघितलं ते सात महिन्यांनी. तोवर ती अंघोळ अंधारात करायची आणि त्यांच्याकडे पाठ करून निजायची. “एक दिवस ते म्हणाले, मी सही केली त्याची मला शिक्षा किती दिवस देणार आहेस? मी म्हटलं, शिक्षा नाही हो, मला लाज वाटते. तर म्हणाले, ते तर मी रोज बघतोय, धुतोय. लाज कुणाची?” इथे ती थांबली. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सगळ्यांना असा नवरा मिळत नाही, हेही तिनंच सांगितलं. माहेरी पाठवून दिलेल्या बायका तिला माहीत आहेत.

आज पर्याय पुष्कळ आहेत. त्याच बैठकीत किंवा नंतर नवा स्तन घडवता येतो, सिलिकॉनचा किंवा पोटाच्या, पाठीच्या मांसाचा. पुण्यात डॉ. सी. बी. कोप्पीकर आणि त्यांच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशननं, गाठ काढतानाच उरलेल्या स्तनाला आकार देण्याच्या शस्त्रक्रियेवर बरंच काम केलंय. घडवलेल्या स्तनाला पूर्वीचा स्पर्श मात्र समजत नाही, आणि रेडिएशन झालं तर सिलिकॉनभोवतीचं आवरण कडक होण्याचा धोका वाढतो, हे आधी सांगायला हवं. काहीच नको असलेल्या बाईची छाती वळ्या न ठेवता नीट सपाट शिवणं हीसुद्धा शस्त्रक्रियेतली कला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं २०२० साली तिला आपल्या शब्दकोशात जागा दिली. कॅनडाच्या बेरिल त्सांग यांनी २००५ साली विणलेल्या स्तनाचा नमुना प्रसिद्ध केला, तो आता जगभर विणला जातो. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था तसे विणलेले स्तन बायकांना मोफत देते. हलके, धुता येणारे, आपल्या उकाड्यात चालणारे. ४ फेब्रुवारी २०१९ला, जागतिक कर्करोग दिनी, लेखिका ताहिरा कश्यप यांनी पाठीवरचा व्रण दाखवणारा आपला फोटो स्वतः लोकांपुढे ठेवला. मावशीला मी तो फोनवर दाखवला. चष्मा लावून तिनं तो मोठा करून बघितला. “शिवण छान आलीय,” ती म्हणाली.

मी तिच्यासाठी मुंबईहून सिलिकॉनचा एक आणला होता, तिची मोहरी जुनी झाली असेल या विचारानं. तिनं डबी उघडली, तळहातावर तोलला, बोटानं दाबला. “थंड आहे,” म्हणाली. मग उन्हात ठेवला आणि गरम झाल्यावर पुन्हा हातात घेतला. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. घरात काही लावत नाही. फाटकाबाहेर जाताना लावते. त्या दिवशी तिनं तो लावला नाही, पण डबी परतही दिली नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गल्लीतली एक सून आली. चौतीस-पस्तीसची असेल. जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या कॅन्सर रुग्णालयात तिला पुढच्या सोमवारची तारीख मिळाली होती. कुणी सांगितलं माहीत नाही, पण तिला मावशीचं माहीत होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. पदर दोन्ही हातांनी धरला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मी आत चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा मावशीनं आपली खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढून घेतली होती आणि विचारत होती, “बेटा, आटा कौन-से हाथ से गूँथती हो?”

मुलीनं पदर सोडला आणि आपल्या हातांकडे बघितलं.